चूक दाखवली की काय करता? समर्पित आणि नम्र ख्रिस्ती जीवनासाठी रोजची वाट

मंडळीच्या हिशेबाची वही बरीच वर्षं माझ्याकडे होती. एका वार्षिक सभेआधी संडे स्कूल घेणाऱ्या तरुण बहिणीने ती चाळली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अंकल, ही देणगी दोनदा धरली गेलीय का?" मी "बघतो" म्हणालो. रात्री पाहिलं. तिचं बरोबर होतं. मी आकडा दुरुस्त केला आणि सभेत उभं राहून सांगितलं, "शेवटची तपासणी करताना एक चूक माझ्या लक्षात आली, ती दुरुस्त केली आहे." लोकांनी माना डोलावल्या. एकाने तर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुकही केलं. ती मुलगी मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

त्याच्या तीनच आठवडे आधी मी योहानाच्या १३व्या अध्यायावर, म्हणजे प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर, संदेश दिला होता. चांगला झाला होता म्हणे.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. आपण किती बदललो ते साक्ष देताना कळत नाही. ते कळतं कोणी चूक दाखवल्यानंतरच्या पाच मिनिटांत. पुढे सकाळची प्रार्थना आहे, रात्रीची उजळणी आहे, माफी कशी मागायची तेही आहे; पण ही सगळी तयारी त्या पाच मिनिटांसाठी आहे असं समजून वाचा.

आधी मिळालेलं, मग दिलेलं

समर्पणाचा विषय निघाला की सगळे रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायावर जातात: आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करा. पण त्या वचनाची सुरुवात "म्हणून" अशा अर्थाच्या शब्दाने होते आणि त्याच्यामागे अकरा अध्याय आहेत. त्या अकरा अध्यायांत माणसाने देवाला काय द्यावं याबद्दल फार थोडं आणि देवाने काय दिलं याबद्दल फार मोठं लिहिलंय. पौल विनंती करतो तीही देवाच्या करुणेच्या आधारावर. हा क्रम उलटा झाला की समर्पणाचा सौदा होतो. मी इतकं सोडलं, आता तू इतकं दे. आणि अपेक्षेप्रमाणे काही मिळालं नाही की मनात कडवटपणा साचतो. "प्रभूसाठी एवढं केलं, पण..." असं बोलणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मी त्यांच्यात काही महिने राहूनही आलोय.

म्हणून पहिला आठवडा काहीही सोडू नका, कोणतीही शपथ घेऊ नका. रोमकरांस ३:२१-२६, ५:१-११ आणि आठवा अध्याय आळीपाळीने वाचा, शक्यतो मोठ्याने. प्रत्येक वाचनानंतर एकच गोष्ट लिहा: आज यात मला फुकट मिळालेलं काय दिसलं? सात दिवसांत सात ओळी पुरेत.

लूक १८ मधल्या, मंदिरात प्रार्थनेला आलेल्या परुश्याची (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाची) गोष्ट इथे नीट पाहावी. तो खोटं बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश देतो, हे सगळं खरं असणार. शिवाय तो प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानून करतो. शब्द कृपेचेच आहेत. फक्त त्याची नजर देवावरून घसरून शेजारच्या जकातदारावर गेलीय. आपलीही प्रार्थना शब्दांनी अगदी शुद्ध असू शकते आणि नजर मात्र शेजारच्या बाकावर.

खाली जाणाऱ्या पायऱ्या

पुढचं वाचन फिलिप्पैकरांस २:३-११. कागद घ्या आणि सहाव्यापासून आठव्या वचनापर्यंतच्या पायऱ्या एकाखाली एक लिहा: देवाच्या स्वरूपाचा होता, ते धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दास झाला, माणूस झाला, लीन झाला, मरणापर्यंत आज्ञांकित राहिला, आणि तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. हुद्दा, नागरिकत्व, मानाची जागा यांचं तिथे मोठं प्रस्थ. ज्या ग्रीक शब्दाचं भाषांतर आपण "लीनता" करतो, त्याला त्या जगात हलकेपणाचा, दासपणाचा वास होता. वधस्तंभ ही तर मुख्यतः दासांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. अशा गावातल्या लोकांना पौल सांगतोय, की तुमचा प्रभू या वाटेने खाली गेला.

आता क्रियापदं पाहा. खाली जाण्याची सगळी क्रियापदं ख्रिस्ताची आहेत. नवव्या वचनात वर नेण्याचं क्रियापद येतं, ते देवाचं. आमची गडबड नेमकी इथे होते. खाली एक पायरी उतरलो रे उतरलो, की वर कधी जाणार हे आम्हीच बघायला लागतो. पेत्रही पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तेच म्हणतो: देवाच्या हाताखाली लीन व्हा, योग्य वेळी तो उंच करील. ती वेळ आपल्या घड्याळात दिसत नाही.

तो कागद पवित्र शास्त्रात ठेवून द्या. पुढे उपयोगी पडतो.

सकाळ: नाव घेऊन सोपवणं

"प्रभू, माझं सर्वस्व तुझं आहे" ही प्रार्थना मी वर्षानुवर्षं केली. ती करताना मला कधीच काही दुखलं नाही, यावरून काय ते समजा. सर्वस्व देणं सोपं असतं. अकरा वाजताची बैठक देणं अवघड.

माझी पद्धत सांगतो, दहा मिनिटांची. एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला छोटा उतारा मोठ्याने वाचायचा. मग आजचा दिवस कागदावर: कोण भेटणार, काय करायचंय, कशाची धास्ती आहे. त्या यादीत हात आखडतो ती जागा शोधायची. बहुतेक वेळा ती चारांपैकी एक असते: माझा वेळ, माझा पैसा, माझं नाव, माझी माणसं. ती जागा सापडली की तिचं नाव घेऊन प्रार्थना करायची. "प्रभू, आजच्या बैठकीत माझी सूचना नाकारली गेली तर ती बैठकही तुझीच आहे." "मुलगी मला न विचारता निर्णय घेईल, तो निर्णयही तुझ्या हाती." इतकं नेमकं बोलायचं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. समर्पण म्हणजे इच्छाच नसणं, असं कित्येकांना वाटतं. मग ते देवापुढेही खरं बोलत नाहीत. आधीपासूनच "तुझी इच्छा" म्हणून मोकळे होतात. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने असं केलं नाही. हा प्याला टळून जावो, ही स्वतःची इच्छा त्याने आधी मांडली. मग पित्याच्या इच्छेवर सोडली. आणि मत्तय सांगतो की ही प्रार्थना त्याने तीनदा केली. पौलानेही देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. तेव्हा आधी आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगा, मग सोडा, आणि दुपारी ती पुन्हा हातात आलेली दिसली तर पुन्हा सोडा. वधस्तंभ उचलण्याच्या आज्ञेत "दररोज" हा शब्द फक्त लूकने (९:२३) नोंदवलाय. मला तो शब्द सगळ्या वचनातला सर्वांत दिलासा देणारा वाटतो. म्हणजे कालचं समर्पण आज शिळं झालं असेल, तर त्यात नवल काही नाही.

वर्षातून एकदा जरा सविस्तर बसावं. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये देवाशी केलेला करार नव्याने करण्याची उपासना सुरू केली. मेथडिस्ट मंडळ्यांत ती आजही होते, बहुधा वर्षाच्या आरंभी. त्या परंपरेतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: देवाने आपल्याला कामाला लावावं इतकंच नव्हे, तर बाजूला बसवलं तरी चालेल, असंही तिथे मान्य करायचं असतं. सेवा करणाऱ्या माणसाला हे दुसरं फार जड जातं.

एका वेळी एकच सवय

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात जुना मनुष्य काढून टाकण्याची आणि नवा धारण करण्याची भाषा आहे, कपडे बदलल्यासारखी. आणि मग पौल एकदम बारीक तपशिलात शिरतो. चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, इथे तो थांबत नाही. त्याने हातांनी काम करावं, आणि ते कशासाठी? गरजवंताला देता यावं म्हणून. चोर दाता होईपर्यंत बदल पुरा होत नाही. खोटं सोडून खरं बोला. कुजकं भाषण सोडून ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोला. प्रत्येक वेळी सोडण्याबरोबर धरायचं काहीतरी दिलंय.

म्हणून महिन्याला एकच सवय घ्या आणि तिच्या जागी काय येणार तेही लिहा. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय असेल, तर "कमी बोलेन" असा निश्चय टिकत नाही. "समोरच्याचं संपल्यावर त्यालाच एक प्रश्न विचारेन" हा टिकतो. पाठीमागे बोलण्याची सवय असेल, तर ज्याच्याबद्दल बोलणार होता त्याच्यासाठी तिथल्या तिथे मनात एक वाक्य प्रार्थना. पहिल्या आठवड्यात दिवसातून दहा वेळा हरलात तरी वही बंद करू नका.

छोट्या गोष्टींची लाज वाटत असेल तर २ राजे ५ मधला कुष्ठरोगी सेनापती नामान आठवा. बरं व्हायला यार्देनेत सात वेळा बुडी मार, एवढंच सांगितल्यावर तो रागावून निघाला होता. त्याच्या चाकरांनी विचारलं, काही मोठं करायला सांगितलं असतं तर केलं असतं ना? मोठं करायला आपण सगळेच तयार असतो. त्यात आपला आब राहतो.

चूक दाखवली गेली: ती पाच मिनिटं

इस्राएलचे राजे शौल आणि दावीद या दोघांनाही संदेष्ट्याने तोंडावर चूक दाखवली, शौलाला शमुवेलाने आणि दाविदाला नाथानाने. दोघांच्याही तोंडून तेच शब्द निघाले: मी पाप केलं आहे. शौलाचे १ शमुवेल १५ मध्ये, दाविदाचे २ शमुवेल १२ मध्ये. दाविदाचा अपराध तर कितीतरी भयंकर, व्यभिचार आणि खून. मग फरक कुठे पडला?

शौलाला शत्रूचं सगळं नष्ट करायची आज्ञा होती, पण चांगली गुरंढोरं राखली गेली. तो आधी नाकारतो: मी तर आज्ञा पाळली. मग कारण देतो: लोकांनी लूट आणली. मग चांगला हेतू सांगतो: यज्ञासाठीच आणली. मग कबूल करतो, पण लोकांची भीती वाटली हेही जोडतो. आणि शेवटी, तिसाव्या वचनात, मी पाप केलं असं पुन्हा म्हणून लगेच शमुवेलाला विनवतो की माझ्या लोकांच्या वडीलजनांपुढे आता माझा मान राख. मला सभेतलं माझं वाक्य आठवतं. "एक चूक माझ्या लक्षात आली." वडीलजनांपुढे माझा मान.

दाविदाच्या उत्तरात "पण" नाही. शिवाय ५१व्या स्तोत्राचा मथळा पाहा. नाथान त्याच्याकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र, बथशेबेच्या प्रकरणानंतरचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि ते मुख्य गवयासाठी आहे. म्हणजे राजाचं पाप कारणासकट गायनाच्या वहीत गेलं. पुढे बथशेबेपासून झालेल्या त्याच्या एका मुलाचं नाव नाथान होतं (१ इतिहास ३:५). संदेष्ट्यावरूनच ते ठेवलं असं शास्त्र म्हणत नाही. पण ते नाव घरात रोज हाक मारण्याइतकं चालत होतं, हे खरं.

तर प्रत्यक्षात काय करायचं?

कोणी काही दाखवलं की आधी एक वाक्य तयार ठेवा: "सांगितलंत ते बरं झालं, मला यावर विचार करू द्या." वाक्य पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. आणि विचार करू द्या म्हणालात, तर एका दिवसाच्या आत स्वतःहून त्या माणसाकडे परत जा. हे दुसरं पाऊल नसेल तर पहिलं वाक्य ही नुसती सुटका आहे. माझं "बघतो" तसंच होतं.

मधल्या वेळात मनात उठणारी स्पष्टीकरणं मोजा, खरोखर कागदावर. त्याला पूर्ण माहिती नाही. त्याचा स्वर बरोबर नव्हता. तो स्वतः कुठे धुतल्या तांदळासारखा आहे. मी दमलो होतो. यातली काही खरीही असतील. तरी प्रश्न उरतोच: त्याच्या बोलण्यात दहातला एक भाग जरी खरा असेल, तर तो कुठला? तो एक भाग घ्यायचा. उरलेल्या नवांचा हिशेब देवावर सोडायचा. शौलाच्या घराण्यातला शिमी दाविदाला दगड मारत, शिव्याशाप देत चालला होता तेव्हा दाविदाचा माणूस अबीशय त्याचं डोकं उडवायला निघाला. दावीद म्हणाला, राहू द्या, कदाचित परमेश्वरानेच त्याला सांगितलं असेल. शिमीचा आरोप मुळात चुकीचा होता, तरी.

मग एक प्रश्न, जो विचारायला मला अजूनही जड जातो: "असं माझ्याकडून आणखी कुठे झालंय?" आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायचं.

शेवटचं म्हणजे श्रेय. दुरुस्ती ज्याच्यामुळे झाली त्याचं नाव, त्याला अडचण नसेल तर, तिथेच घ्यावं जिथे तुमची चूक माहीत झाली.

इथे एक खोटा फाटा आहे, त्यापासून सावध राहा. चूक दाखवली की काही जण एकदम कोसळतात: "मी फारच वाईट आहे हो, माझ्याकडून काही होणारच नाही." ही नम्रता वाटते. पण आता चूक दाखवणाऱ्यालाच समजूत घालत बसावं लागतं, आणि मूळ विषय बाजूला पडतो. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल दिखाऊ लीनतेबद्दल बोलतो ते उगाच नाही. स्वतःला शिव्या देण्यातही मध्यभागी आपणच असतो.

याउलट पेत्र पाहा. अंत्युखियात त्याने विदेशी बंधूंबरोबर जेवणं सोडलं, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला (गलतीकरांस २). ते पत्र मंडळ्यांत वाचलं गेलं, म्हणजे चूक कायमची नोंदली गेली. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, शब्द येतात: आपला प्रिय बंधू पौल.

माफी मागणं आणि भरपाई

मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभूने क्रम सांगितलाय. अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. अर्पण तिथेच पडून राहील, देव थांबेल. आम्ही बहुतेक उलट करतो: देवापुढे रडून घेतो आणि मग माणसाकडे जायची गरज वाटत नाही.

मी त्या बहिणीकडे गेलो ते सभेनंतर दोन महिन्यांनी, आणि पहिल्यांदा गेलो ते वाईट रीतीने. म्हणालो, "त्या दिवशी तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर." ती म्हणाली, "नाही नाही, ठीक आहे." मी घरी आलो आणि कळलं की मी माफी मागितलेलीच नाही; तिच्या वाटण्याबद्दल बोललो, माझ्या करण्याबद्दल नाही. "तर" या एका शब्दाने काम बिघडवलं होतं.

दुसऱ्यांदा कागदावर लिहून गेलो. "चूक तू दाखवलीस. मी ती स्वतः शोधल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. पुढच्या सभेत मी हे सांगणार आहे, तुझं नाव घेऊ की नको ते तू सांग." इतकंच. माफीत हेच लागतं: कृत्याचं नाव, त्याला खोटं किंवा चूक म्हणणं, आणि भरपाई. कारण सांगायचं नाही, आणि "माफ केलंस ना?" असं विचारून समोरच्याला कोंडीत पकडायचं नाही. तिला वेळ लागला तर तो तिचा हक्क आहे. पुढचे काही महिने ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. मी सभेत उभा राहून सांगितलं त्या दिवशी टाळ्या-बिळ्या काही झाल्या नाहीत. जरा अवघडलेली शांतता होती, मग पुढचा विषय आला.

भरपाईबद्दल लूक १९ मधल्या जकातदार जक्कयाकडून शिकावं. मोशेच्या नियमशास्त्रात आपण होऊन कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता (गणना ५:७). जक्कय चौपट म्हणाला, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. आणि ते त्याने कोणी मागण्याआधी, उभं राहून, सगळ्यांसमोर सांगितलं. तुमच्यामुळे कोणाचे पैसे बुडाले असतील, काम गेलं असेल, नाव खराब झालं असेल, तर प्रार्थनेबरोबर तेही परत करायचं असतं, जितकं शक्य आहे तितकं. नाव खराब केलं असेल तर ज्या-ज्या लोकांसमोर केलं, त्यांच्यासमोर जाऊन.

न दिसणारी सेवा

आठवड्यातून एक काम असं करा जे कोणाला कळणार नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६ मधलं सूत्र. खुर्च्या मांडणं, आजाऱ्याच्या घरचं एखादं काम, कोणाची फी. मग ते काम सहज बोलण्यात आणावंसं वाटेल. कधी वाटेल, किती वेळा वाटेल, ते बघत राहा. माझा तर जीभ आवरण्यातच आठवडा जातो.

रात्र, आणि एक माणूस

रात्री पाच मिनिटं. येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लॉयोला यांनी १६व्या शतकात आपल्या लोकांना दिवसाची उजळणी करायला शिकवलं. तिची सुरुवात आभारांनी होते, हे मला फार आवडतं. आधी दिवसात मिळालेलं आठवायचं, मग प्रकाशासाठी प्रार्थना, मग दिवस पुन्हा डोळ्यांपुढून न्यायचा. १३९व्या स्तोत्राची शेवटची दोन वचनं इथे चपखल बसतात: देवा, मला पारख. आपण स्वतःला पारखायचं नाही, त्याला पारखू द्यायचं. आज मी कुठे स्वतःचा बचाव केला? कोणाचं श्रेय घेतलं? कोणाकडे उद्या जायचंय? कबुली, १ योहान १:९ वर विश्वास, आणि झोप. अर्धा तास उकरत बसलात तर ते पुन्हा स्वतःतच गुंतणं होतं.

आणि एक माणूस हवा. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पातकं कबूल करायला सांगतो. निवड विचारपूर्वक करा: तुमच्यावर भाळलेला नको, तुमच्या हाताखालचा नको, तोंडाचा हलका तर नकोच. पंधरा दिवसांतून एकदा भेटा आणि त्याला आधीच परवानगी देऊन ठेवा: "माझ्यात काही दिसलं तर मी विचारायची वाट पाहू नकोस."

कुठे झुकायचं नाही

हा भाग मी आधी लिहिणार नव्हतो. पण समर्पणाच्या नावाखाली लोकांना इतकं सोसायला लावलेलं पाहिलंय, की टाळता येत नाही.

समर्पण देवाला असतं. पाळक, वडील, नवरा, मालक, कोणीही असो, त्याच्यापुढे झुकणं म्हणजे आपोआप देवापुढे झुकणं नव्हे. मोशेला गणना १२ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्यांहून नम्र म्हटलंय, आणि तोच फारोपुढे पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहिला. प्रेषितांनी यहुदी पुढाऱ्यांच्या महासभेला सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रेषितांची कृत्ये ५:२९). फिलिप्पैत पौलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. खुद्द प्रभूला शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने विचारलं: मी योग्य बोललो असेन तर का मारतोस? (योहान १८:२३)

म्हणून घरात मारहाण होत असेल, कोणी शरीराला हात घालत असेल, मंडळीच्या पैशांत गडबड दाखवणाऱ्याला "नम्र राहा" म्हणून गप्प केलं जात असेल, तर तिथे बोलणं, निघून जाणं, पोलिसांकडे जाणं यात नम्रता सुटत नाही. क्षमा करणं आणि पुन्हा त्याच माणसाच्या हाती सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखायला सोपी खूण: जो माणूस तुम्हाला नम्रता शिकवतोय, त्याला कधी कोणी चूक दाखवू शकतं का?

घसरल्यावर

घसराल. मीही घसरतो, आणि वाढत्या वयात कमी घसरू असं वाटलं होतं ते काही खरं ठरलेलं नाही. पौलाची पत्रं परंपरेने मानलेल्या क्रमाने वाचली तर एक गंमत दिसते. करिंथकरांना तो लिहितो, मी प्रेषितांत कनिष्ठ. काही वर्षांनी इफिसकरांना: सर्व पवित्र जनांतल्या लहानाहून लहान. आणि अखेरीला तीमथ्याला: पाप्यांमध्ये मी मुख्य. वर्षं जातात तसा तो स्वतःच्या यादीत खाली सरकत जातो, आणि तरी त्याचं काम थांबत नाही. प्रकाशाच्या जवळ गेलं की अंगावरचे डाग जास्त दिसतात, तसंच काहीसं असावं.

घसरलात तर चोवीस तासांत तीन गोष्टी करा: देवापुढे कबुली, ज्याला लागलं त्याच्याकडे जाणं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच दहा मिनिटं, जणू काही नवीन ठरवायचंच नाही. मोठ्या शपथा घेऊ नका. फिलिप्पैकरांसचा तो कागद काढून बघा, आज कोणत्या पायरीवर अडलात ते.

हिशेबाची वही अजून माझ्याकडेच आहे. फरक इतकाच, की आता दरवर्षी सभेच्या तीन आठवडे आधी मी ती त्या बहिणीकडे तपासायला देतो. या वर्षीची मागच्या रविवारी दिली. काल तिचा निरोप आला, "अंकल, दोन पानांवर मला काही विचारायचंय." कोणती दोन पानं, ते मी अजून विचारलेलं नाही.